ग्रीसचा शेवटचा हात

शुक्रवार, १६ फेब्रुवारी २००७

रेडिएशनचा पस्तिसावा आणि शेवटचा शेक आज झाला. तोंडावर बसवायचा तो जाळीचा मुखवटा सिस्टरनी माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "काका, न्यायचा असेल तर न्या, तुमच्याच मापाचा आहे." आमची ही, म्हणजे दुर्गा, म्हणाली, "आणा की. गच्चीत टांगू, कबुतरं तरी येणार नाहीत." सात आठवड्यांत पहिल्यांदा हसलो आणि घसा असा सोलवटला की डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टर नीरजा मॅडमनी आरशातून घसा बघितला. गाठ दिसत नाही म्हणाल्या. मी विचारलं, आता काय घ्यायचं? "काही नाही काका. मऊ खा, हिंडा, झोपा. तीन महिन्यांनी दाखवायला या." आवाजाला विश्रांती द्यायची, गरजेपुरतंच बोलायचं, असंही सांगितलं. म्हणून घरात बोलायला पाटी, आणि मनातलं लिहायला ही वही. मुलाच्या, शुभंकरच्या कंपनीची डायरी आहे, गेल्या सालची. तारखा चालतात, वार मी खोडून दुरुस्त करणार.

"काही नाही" हा शब्द रिक्षात बसल्यापासून डोक्यातून जात नाही. बत्तीस वर्षं मी खडकीला दारूगोळा कारखान्यात ग्रीसिंगला होतो. लोखंडाचा भाग मशीनवरून उतरतो तेव्हा नव्या भांड्यासारखा लखलखीत असतो, आणि तेव्हाच तो सगळ्यात नाजूक असतो. लगेच ग्रीसचा हात न देता उघडा राहिला की गंज धरलाच. नवीन माणसाने उघड्या हाताने उचलला तर आठ दिवसांनी त्यावर अंगठ्याचा ठसा तांबडा उमटायचा. आज मी मशीनवरून उतरलो, आणि मॅडम म्हणतात, काही लावू नका.

हे कुणाला बोलून दाखवलं नाही. मला भीती वाटते, एवढंच खरं.

रविवार, २५ फेब्रुवारी

झोप नीट नाही. दुपारी बाल्कनीत खुर्ची टाकून पडतो. समोर वारज्याची टेकडी, खाली बायपासवरचे ट्रक. ट्रक इतके लांब की ट्रक आधी जातो आणि आवाज मागून येतो असं वाटतं. डुलकी लागते न लागते, तोच घशात कुणी बसलंय असं वाटून जाग येते.

आज शुभंकरचा मित्र तेजस आला. परवाच न्यू जर्सीहून परतलाय. त्याच्याबरोबर शुभंकरने दोन बाटल्या पाठवल्यात, प्रत्येकी बदामाच्या बरणीएवढी. एकीत शेंदरी टरफलाच्या, शेंदरीच पुडीच्या कॅप्सूल, दुसरीत तशाच पिवळ्या. तेजस घाईतच होता. चहाचा अर्धा कप ठेवून म्हणाला, "काका, शुभ्या फार टेन्शनमध्ये असतो तिकडे. कँटीनमध्येसुद्धा तुमच्याच आजाराचं वाचत बसतो."

संध्याकाळी फोन आला. "बाबा, अँटिऑक्सिडंट आहेत. तीन-तीन घ्यायच्या, रोज. मी सगळं वाचलंय. परत होऊ नये म्हणून." माझे शेक चालू असताना त्याला प्रोजेक्ट सोडून येता आलं नाही. मी कधी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तोही काढत नाही.

फोन ठेवला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी आमच्या फोरमनने फळ्यावर लिहिलं होतं : ऑक्सिडेशन म्हणजे गंज. मग अँटिऑक्सिडंट म्हणजे काय? ग्रीस! पोटातून लावायचं ग्रीस. पोराने बापाचा धंदा बरोबर ओळखला. मला त्याचा इतका अभिमान वाटला की बाटली उशाशी घेऊनच पडलो.

शुक्रवार, २ मार्च

सहा कॅप्सूल गिळणं म्हणजे आमच्या घशाला दिवसभराची ड्यूटी. ताकाबरोबर एकेक ढकलतो. चव तर शेकाने नेलीच आहे. भात पुठ्ठ्यासारखा, वरण ओल्या पुठ्ठ्यासारखं. पण ढेकर आला की औषधाचा भपकारा येतो, रंगाच्या दुकानात शिरल्यासारखा. येऊ दे. वास येतोय म्हणजे माल आत पोचतोय.

दुपारी स्वप्न पडलं. मी कारखान्यातल्या रॅकवर आडवा आहे, अंगभर कोमट ग्रीसचा हात बसलाय, कुणीतरी मला मेणकागदात गुंडाळतंय आणि लांबून भोंगा वाजतोय. भीती अजिबात नव्हती. तीन महिन्यांत इतकी गाढ झोप लागली नव्हती.

दुर्गाने विचारलं, "मॅडमना दाखवल्यात का बाटल्या?"

मी पाटीवर लिहिलं, 'त्यांचा विभाग वेगळा. त्या मशीनशॉप. हे ग्रीसिंग.'

"अहो, माणसाला विभाग नसतात."

मी लिहिलं, 'मुलाने पाठवलंय. तू यात पडू नकोस.' आणि खाली दोन रेघा ओढल्या. तिने पाटी पुसून जागेवर ठेवली. रागावली असेल. पण तिला कसं सांगू, की त्या गोळ्या पोटात गेल्या की मला झोप लागते?

मंगळवार, १३ मार्च

दुर्गाने दोन्ही बाटल्यांवरची नावं माझ्याकडून मराठीत लिहून घेतली. व्हिटॅमिन ई, बीटा कॅरोटीन, सेलेनियम, द्राक्षाच्या बियांचा अर्क, अजून सात-आठ. कशाला विचारलं तर म्हणाली, मथुराताईला हव्यात, गुडघ्यांसाठी. मथुरा म्हणजे तिची बहीण, कात्रजला असते. मी मोठ्या अक्षरात लिहून दिलं. चांगल्या गोष्टीचा प्रसार झालाच पाहिजे.

बुधवार, १४ मार्च

दुर्गा सकाळी कात्रजला म्हणून गेली ती दुपारी आली. कात्रजहून ती डेअरीचं काही ना काही घेतल्याशिवाय कधी येत नाही. आज हात मोकळे. मथुरा कशी आहे म्हणून विचारलं तर म्हणाली, "कोण? हां, बरी आहे." उन्हाने थकलेली दिसली. आल्या आल्या माझ्याजवळ बसली आणि कपाळावर हात ठेवून बघितला. ताप नव्हता. तरी हात बराच वेळ ठेवला.

मग म्हणाली, "उद्यापासून गोळ्या मी काढून देत जाईन. तुमची मोजणी चुकते." माझी मोजणी! बत्तीस वर्षांत एक लॉट चुकला नाही. पण ती विरोध सोडून आपल्या बाजूला आली, हे काय कमी आहे? मी मान डोलावली.

शनिवार, १७ मार्च

आज तिने गहू आणि डाळं भाजलं. घरभर वास. मी स्वयंपाकघरात डोकावलो तर म्हणाली, "तुम्हाला चव लागेल तेव्हा करून देईन. आत्ता बाहेर बसा." दार लोटून घेतलं. मिक्सर बराच वेळ चालू होता. पुढचं आठवत नाही, ट्रक मोजता मोजता डोळा लागला.

गुरुवार, २९ मार्च

मोठा फरक! ढेकरांचा भपकारा पूर्ण गेला. औषध अंगात मुरलं की सुरुवातीचा त्रास जातो, असं म्हणतात ते खोटं नाही. पोटही हलकं.

आणि स्वप्नं बदलली. आता रॅक नाही, भोंगा नाही. काल दुपारी मी थेट उस्मानाबादकडच्या आमच्या गावी होतो, सात-आठ वर्षांचा. बाभळीखाली आई बसलेली, पितळेच्या वाटीत काहीतरी कालवतेय, हातात बांगड्या नाहीत, म्हणजे वडील गेल्यानंतरचे दिवस असणार. "खा की लेकरा," म्हणाली, "उनात पळून पळून वाळलास." वाटीत काय आहे ते दिसेना. मी हात पुढे केला आणि जाग आली. उठलो तर टेकडीवर ऊन उतरलेलं आणि माझ्या गालावर पाणी. दुःख नव्हतं. आईचा आवाज मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. तो असा होता, हे विसरूनच गेलो होतो.

म्हणजे या कॅप्सूल डोक्यातला गंजसुद्धा काढतात. शुभंकरला कळवायला हवं.

दुर्गाला स्वप्न लिहून दाखवलं. तिने दोनदा वाचलं. मग पदराने चष्मा पुसत आत गेली.

बुधवार, ११ एप्रिल

अमेरिकन औषधाला मुंग्या लागल्या! झाकण घट्ट असून आत शिरल्या. मी म्हटलं, चांगल्या मालाची पारख मुंगीला पण आहे. दुर्गा एवढी का दचकली कळेना. लगेच दोन्ही बाटल्या परातीत पाणी घालून त्यात ठेवल्या, गुळाच्या डब्यासारख्या.

बाल्कनीतल्या जास्वंदीच्या कुंडीत मात्र एक मुंगी नाही. माती वरून शेंदरी-पिवळी झालीय. हळद टाकते म्हणाली. इतकी हळद? तिच्या नखांतही तोच रंग. घरात कुंडीवर जेवढी हळद पडते तेवढी आमटीत पडली तर आमटीला रंग तरी येईल. चव आली नाही तरी रंग बघून जेवता येतं.

रविवार, २२ एप्रिल

शुभंकरचा फोन. मी स्वतः बोललो, पाटी न घेता. आवाज पत्र्यावर वाळू घासावी तसा येतो, पण येतो. तो तिकडे रडला असावा. मी गोळ्यांचं कौतुक सुरू केलं, झोप, पोट, आईचं स्वप्न, सगळं. वाटलं, त्याला आनंद होईल. तो नुसता हं हं करत होता. शेवटी म्हणाला, "बाबा, आई जे देते ते घ्या. बाकी काही नका घेऊ. आणखी बाटल्या मी पाठवत नाही आता." मग म्हणाला, "मी येतोच आहे. जूनमध्ये. तीन आठवडे."

"अरे, मग पुढच्या बाटल्या तूच घेऊन ये," मी म्हटलं.

"आईला द्या फोन," म्हणाला. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. मायलेकांचं काय चाललं होतं कोण जाणे. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि चेहरा हसरा. पोरगा येणार म्हटल्यावर आईचं असंच होतं.

मंगळवार, ८ मे

शेवग्याच्या शेंगेच्या आमटीत काहीतरी खारट आहे असं वाटलं. खारट! दुसऱ्या घासाला गेलं. खरं होतं की भास, सांगता येत नाही. दुपारभर जीभ टाळूला लावून बसलो होतो, पुन्हा येते का बघत.

शुक्रवार, १८ मे

तीन महिन्यांची तपासणी. दुर्बीण घातली, मानेत गाठ आहे का चाचपलं. "छान आहे काका. कुठे काही दिसत नाही." दुर्गा कागद करायला खिडकीच्या रांगेत गेली होती. मी विजयी वीरासारखी पिशवीतून शेंदरी बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. म्हटलं, मॅडम, तुमच्या विभागाचं काम उत्तम झालं, पण नंतरचं काम याचं.

त्यांनी लेबल वाचलं. चेहरा बदलला. "हे अजून घेताय? मी तुमच्या मिसेसना मार्चमध्येच सांगितलं होतं ना, बंद करा म्हणून?"

दिवसाला शंभर पेशंट बघतात, कुणाच्या तरी मिसेस डोक्यात असतील. मी तसं म्हणालो नाही. गंजाचं सांगितलं, फोरमनचा फळा, ग्रीस, सगळं. त्यांनी मधे तोडलं नाही. मग विचारलं, "काका, ग्रीस लावताना ग्रीसला कळतं का, हा भाग चांगला आणि हा वाईट?"

"नाही मॅडम. ज्याला लावाल त्याला राखतं."

म्हटलं आणि माझ्याच अंगावर काटा आला.

"तेच," त्या हळू म्हणाल्या. "आमचा शेक त्या वाईट पेशींना एका परीने गंजवूनच मारतो. एखादी चुकूनमाकून उरली असेल तर तिला ग्रीस कशाला लावायचं? जेवणातून येतं ते येऊ दे, फळं खा, भाज्या खा. पण अशा मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी आजार टळतो असं दिसलेलं नाही. उलट तुमच्यासारख्या घशाच्या पेशंटना त्या देऊन पाहिल्या, तेव्हा काहींचा आजार जास्त उलटला. तुमच्यात आज काही नाही. घाबरू नका. फक्त बंद करा."

दुर्गा आली तोवर बाटली पिशवीत गेली होती. रिक्षात म्हणाली, "सगळं चांगलं सांगितलं ना? मग असं का तोंड?" मी घशाकडे बोट दाखवलं, दुखतोय म्हणून. खोटं बोललो.

शनिवार, १९ मे

कारखान्यात नवीन माणसाला आम्ही पहिली गोष्ट शिकवायचो, आधी पूस, मग लाव. गंजाच्या ठिपक्यावर ग्रीस बसलं की वरून माल लखलखीत आणि आतून पोखरलेला. हे मी शेकडो माणसांना सांगितलं. आणि स्वतःच्या घशाला अडीच-तीन महिने, दिवसाला सहा.

दुर्गाने सकाळी तळहातावर तीन ठेवल्या, संध्याकाळी तीन. तिला काय सांगू? तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी पाटीवर दोन रेघा ओढल्या होत्या. तोंडाजवळ नेल्यासारखं करून शर्टाच्या खिशात टाकल्या. आणि शुभंकर? त्याला कळलं की त्याने पाठवलेल्या गोष्टीने बापाला अपाय झाला असता, तर तो आयुष्यभर स्वतःला माफ करणार नाही. तो जूनमध्ये येतोय. तोवर मी असेन. पुढचं माहीत नाही.

दुपारी झोप लागली नाही. आई आली नाही.

सोमवार, २१ मे

आज झालं ते झालं तसं लिहितो.

कालच्या शर्टावर सकाळी मुंग्यांची रांग. खुंटीवरून थेट खिशात. खिसा उलटा केला तर काल-परवाच्या कॅप्सूल, त्यांतली एक फुटलेली, आणि मुंग्या त्यातली पूड घेऊन निघालेल्या. मी तसाच उभा राहिलो. मुंगी औषधाला लागत नाही. कुंडीतल्या मातीकडे तर एकही फिरकत नाही. बत्तीस वर्षं तपासणीचे शिक्के मारले आणि घरातला माल उघडून बघायचं सुचलं नाही.

बाल्कनीत उजेडात बसलो. एक कॅप्सूल घेतली. तिच्या कडेला दबलेली खूण होती, कुणीतरी नखाने उघडून परत बसवल्याची. उघडली. आत शेंदरी काही नव्हतं. बदामी रंगाचं पीठ. जिभेवर ठेवलं.

पहिल्यांदा काही नाही, पुठ्ठाच. मग हळूहळू, कुठूनतरी लांबून, भाजलेला गहू. मग डाळं. मग जिऱ्याचा एक कण दाताखाली आला. आणि बाभळीखालच्या त्या वाटीत काय होतं ते मला कळलं. सातूचं पीठ होतं.

मी किती वेळ बसलो होतो माहीत नाही. सगळं एकेक करून येत होतं, कात्रजहून मोकळे हात, लोटलेलं दार, नखांतली हळद, फोन घेऊन आत गेलेली ती. चौदा मार्चला ती मॅडमकडे गेली होती. पंधरापासून गोळ्या तिच्या हातात, सतरापासून मी पीठ खातोय. दिवसाला सहा कॅप्सूल उघडायच्या, कुंडीत रित्या करायच्या, भरायच्या, बसवायच्या, तेही मी झोपेत असताना. तिच्या बोटांना संधिवात आहे. मला हुंदका आला. पण घशातून जो आवाज निघाला तो हसण्यासारखाच वाटला.

ती सकाळच्या तीन तळहातावर घेऊन आली, दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं. बाल्कनीत आली, माझ्या मांडीवरचं उघडलेलं टरफल बघितलं आणि थांबली. खाली एक ट्रक गेला, त्याचा आवाज त्याच्यानंतर गेला.

"ऐकत नव्हतात तुम्ही," ती शेवटी म्हणाली. "आणि त्या घेतल्या की तुम्हाला झोप लागायची. ती कशी काढून घेऊ?"

मला खूप बोलायचं होतं. दोन रेघांबद्दल, शुभंकरबद्दल, आईबद्दल. आवाज एवढाच फुटला, पण पाटीची गरज पडली नाही.

"आज पाणी नको," मी म्हटलं. "वाटीभर कर. दुधात."

तिने तळहात मिटला. माझ्याकडे नीट बघितलं, पहिल्या शेकानंतर बघितलं होतं तसं.

"चव लागली?"

मी मान डोलावली.

"गूळ किती घालू?" ती म्हणाली.